बाकावरची रिकामी जागा

सोमवार, ७ जानेवारी

पोचलो एकदाचे. सामान फार नाही: दोन ट्रंका, गाद्यांची वळकटी, नवऱ्याचं शिलाई मशीन आणि आमची लेक टिकली. सगळ्यात जास्त त्रास टिकलीने दिला, त्याखालोखाल मशीनने. ते जिन्याच्या वळणावर असं अडकलं की ना वर ना खाली. नवरा खालून ढकलतोय, मी वरून ओढतेय, आणि ही सहा वर्षांची बया मधल्या पायरीवर बसून आम्हा दोघांना हुकूम सोडतेय. शेवटी खालचा भट्टीवाला पिठाच्या हातांनी धावत आला आणि एकट्याने मशीन वर नेऊन ठेवलं. त्याच्या बोटांचे पांढरे ठसे मशीनवर अजून आहेत. नवरा पुसू देत नाही. म्हणतो, राहू दे, या घरातली पहिली ओळख आहे.

दोनच खोल्या आहेत, पण झकास. पावाची भट्टी बरोब्बर आमच्या स्वयंपाकघराखाली, त्यामुळे सकाळी फरशी कोमट असेल असं भट्टीवाला सांगून गेला. खिडकीतून माझ्या नव्या नोकरीच्या कारखान्याचं फाटक दिसतं. मध्ये एक रस्ता, एक पाण्याची टाकी आणि थोडी झाडं, बस. म्हणजे सुटी झाली की पळत सुटायचं आणि टिकलीच्या दुधाच्या आधी घरात. टिकलीने लगेच जाहीर केलं की ती रोज खिडकीत उभी राहणार आणि मी फाटकातून बाहेर आले की हात हलवणार.

तिचा खालचा पुढचा दात हलतोय. दिवसभर जिभेने ढकलत असते. बुटाचे बंद अजून जमत नाहीत, म्हणून मी तिला एकावर एक तीन गाठी मारायला शिकवलंय. नवरा म्हणतो, हे बंद बांधणं नव्हे, पोतं शिवणं आहे. असेना का. शिंप्याला सगळीकडे टाकेच दिसतात.

माझे बाबा म्हणायचे, थांबला तो संपला. मी त्यांचीच मुलगी, पायाला भिंगरी लावून जन्मलेली. टिकलीलाही ते पाठ झालंय. आज जेवताना नवरा घास हातात धरून जरा खिडकीबाहेर बघत बसला, तर हिने त्याच्याकडे बोट करून फर्मावलं, थांबला तो संपला. हसून हसून पोट दुखलं माझं.

बुधवार, ९ जानेवारी

कारखाना बाहेरून गोदामासारखा दिसतो. आत गेलं की काचच काच. माणसाहून उंच काचेच्या नळ्या भिंतीच्या कडेने उभ्या आहेत, अख्ख्या दालनाला वळसा घालून परत दाराशी आलेल्या. त्यांत तपकिरी राळेचे मणी भरलेत, मोहरीहून बारीक.

मोठ्या बाईंनी सगळं समजावून सांगितलं. त्या इथल्या प्रमुख. शिक्षण डॉक्टरेटचं, पण आवाज बालवाडीच्या बाईंसारखा. पुस्तकात मी हे वाचलेलंच होतं, तरी डोळ्यांनी बघणं वेगळं. लिथियम दोन जातींचं असतं, एक हलकं आणि एक जड. वजनात तेवढा फरक, बाकी स्वभाव एकच. कुठल्याशा अणुवीजकेंद्राला त्यातलं नुसतं जड हवं असतं, म्हणून वेगळं करायचं. नळीत वरून द्रावण सोडलं की दोन्ही जाती मण्यांना चिकटतात, सुटतात, पुढच्या मण्याला चिकटतात. हलकी जात केसभर जास्त वेळ चिकटून राहते. एवढाच काय तो भेद. एका मण्यापाशी त्याने काहीही बिघडत नाही. पण असं लाखो वेळा झालं की जड पुढे निघून जातं आणि हलकं मागे रेंगाळतं. सगळं मिळून एक पट्टा तयार होतो आणि तो नळीतून हळूहळू सरकत राहतो. एका नळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. शेवटची नळी संपली की धुऊन ठेवलेल्या पहिलीत. असा गोल गोल, महिनोन् महिने.

माझं काम त्या पट्ट्याबरोबर चालायचं. तो जिथे असेल तिथे आपण. तापमान बघायचं, नळ्यांच्या चाव्या फिरवायच्या. माझ्या जोडीला एक गडी आहे, सगळे त्याला रेडिओ म्हणतात, कारण तो बंद करायचं बटण कुणाला सापडलेलं नाही. एका दिवसात मला त्याच्या मेव्हण्याची सगळी दुखणी कळली.

एक गंमत मात्र लिहून ठेवलीच पाहिजे. सुटीची घंटा झाली की ही मंडळी हात धुतात, डगले खुंटीला लावतात, आणि घरी जायचं सोडून दाराशी एका लांबलचक बाकावर ओळीने बसतात. गप्प. रेडिओसुद्धा गप्प. कपभर चहा निवेल इतका वेळ. मग मोठ्या बाई गुडघ्यांवर हात मारून उठतात आणि सगळे उठतात. मी बाकाच्या टोकाला मोकळ्या जागेवर माझी पिशवी ठेवली, तर रेडिओने ती चटका बसल्यासारखी उचलून माझ्या हातात दिली. ती जागा रिकामी ठेवतात म्हणे. मोठ्या बाई मला म्हणाल्या, बसा थोडं, सगळं येऊ दे. मी म्हटलं, सगळं आलंय बाई, पिशवी, छत्री, डबा. आणि सटकले. टिकली खिडकीत उभी होती ना.

बुधवार, १६ जानेवारी

आठवडा झाला. काम आवडलंय. पाय दुखतात, पण ते चालायचंच, अक्षरशः.

आज मोठ्या बाईंना विचारलं की वीज गेली तर पट्ट्याचं काय. त्या म्हणाल्या, म्हणून तर दोन पंप आहेत. पट्टा वाहता असतो तोवर वेगळा राहतो. वाहणं थांबलं की जड आणि हलकं आपोआप परत एकमेकांत शिरतात, कुणी काही करावं लागत नाही. महिन्यांची मेहनत पाण्यात. मी म्हटलं, म्हणजे आमच्या बाबांचं खरंच होतं, थांबला तो संपला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या की ते लिथियमला ठीक आहे, माणसाने थांबावं. आणि मला परत बाकाचं सांगितलं. त्यांच्या आधीचे साहेब बसायचे, त्यांच्या आधीचेही बसायचे. का, ते पहिल्यांदा कुणी सांगितलं कुणास ठाऊक, पण दिवसभर पट्ट्याबरोबर चालणाऱ्याने तर बसायलाच हवं.

मी हो हो केलं. खरं सांगायचं तर मला राग आला. इथे माझी पोर खिडकीला नाक लावून उभी, आणि मी तिकडे मौनात बसू? ज्यांना घरी कुणी नाही त्यांनी बसावं खुशाल. मोठ्या बाईंना घरी फक्त मांजर आहे, रेडिओला बायको आहे पण तो तिच्यापासून लांब राहायला बाक काय, काट्यांवरही बसेल.

आजही नाहीच बसले. धावतच आले. टिकलीने दोन्ही हात हलवले.

मंगळवार, २९ जानेवारी

डोकं कुठे ठेवलंय कळत नाही हल्ली. रेडिओ म्हणाला की मी त्याच्या प्रश्नाला दोनदा उत्तर देते. आधी एकदा नीट, थोडक्यात, आणि मग जरा वेळाने पुन्हा, हसत, काहीतरी टोमणा जोडून. मी म्हटलं, तुझ्यासारख्याला एकदा सांगून कळतं कुठे. तो म्हणाला, हेही दोनदा झालं.

संध्याकाळी फाटकातून बाहेर पडले तर खिडकीत कुणीच नाही. वर जाऊन टिकलीला रागावले. ती रडकुंडीला आली. म्हणाली की तिने हात हलवला होता, आणि मीही हलवला होता, आणि मग मी यायला इतका वेळ का लावला. नवऱ्यानेही मशीनवरून मान वर करून विचारलं की मी मध्येच कुठे गेले होते. माझा चहा त्याने ओतून ठेवलेला. साय धरली होती त्यावर.

रस्ता तर तेवढाच आहे. मी कुठेही थांबले नाही. टाकीपाशी गळक्या नळाखाली चिमण्या अंघोळ करत होत्या, तिकडे जरा बघितलं असेन. तेवढंच.

बुधवार, ६ फेब्रुवारी

आज भांडण झालं. मी घरी आले, हातपाय धुतले, जेवायला वाढ म्हटलं, तर नवरा म्हणाला की आत्ता तर जेवलीस. मला वाटलं चेष्टा करतोय. मोरीत तीन ताटं. तिसऱ्यात मी नेहमी ठेवते तसं चिमूटभर मीठ कडेला उरलेलं.

मी म्हटलं, हे बघ, मी दमलेय, खेळ पुरे. तो म्हणाला की खेळ तू लावलायस. आलीस, मुकाट्याने भात टाकलास, सगळ्यांना वाढलंस, भांडी गोळा केलीस, आणि आता दारातून परत येऊन नवीन तमाशा. मी आतल्या खोलीत गेले. गादीवर माझ्या बाजूला उशीत खळगा पडलेला आणि चादर ऊन. कुणी नव्हतं. परत स्वयंपाकघरात आले तर ओट्यावर ओला हात पुसल्याची खूण, अजून वाळायची होती. मी जिथे जाते तिथून कुणीतरी नुकतंच उठून गेलेलं असतं. आणि ते कुणीतरी माझ्याच साबणाचा वास मागे ठेवतं.

टिकलीचा दात आता एका धाग्यावर आहे. उद्या संध्याकाळी तो मीच काढायचा, बाबाने हात लावायचा नाही, असं तिने मला बजावून ठेवलंय. मी कबूल केलं. गळ्यात पडून झोपली. मला मात्र भीती वाटतेय.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

कामावर गेले तर दिवसाचं अर्धं काम झालेलं. तापमानं माझ्याच अक्षरात लिहिलेली. माझा डगला खुंटीवर नव्हता. बाकीच्यांचे होते.

पट्ट्याबरोबर चालत राहिले, दुसरं काय करणार. सुटीच्या वेळी मोठ्या बाईंसमोर उभी राहिले आणि त्या पांढऱ्या पडल्या. त्यांनी विचारलं, तुम्ही आत्ता घरी गेलात ना. मी म्हणे त्यांच्यासमोरून पिशवी घेऊन गेले होते. त्यांनी हाक मारली होती, बसा म्हणून हात धरला होता, तर मी हात सोडवून घेतला. मुलगी वाट बघतेय म्हणाले. त्याला बराच वेळ झाला.

मग त्यांनी विचारलं की मी आल्यापासून किती वेळा बसले. मी सांगितलं, एकदाही नाही.

त्या माझ्याजवळ बसल्या. कधी नव्हे ते माझा हात हातात घेतला. म्हणाल्या की एखाद-दोन दिवस चुकले तर चालून जातं. दुसऱ्या दिवशी बसलं की मागे राहिलेलं येऊन मिसळतं. आता बसून उपयोग आहे की नाही ते त्यांना सांगता येत नाही. दोघींनी एका वेळी बसायला हवं. आणि जी पुढे गेली ती बसत नाहीये.

बसले मी. अंधारेपर्यंत बसले. बाकाच्या टोकाला, त्या रिकाम्या जागेकडे, मला बघवेना.

घरी गेले तर दात काढून झाला होता. आईने काढला, टिकली म्हणाली. दुखलं नाही. पण आई काहीच बोलली नाही गं, गाणंपण नाही म्हटलं, नुसता काढला आणि कापूस लावला.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

नवऱ्याला सगळं सांगितलं, नळ्या, पट्टा, बाक, सगळं. त्याने ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यापाशी, जरा बाजूलाच बघत म्हणाला की हल्ली तू फार शांत झाली आहेस, मला काळजी वाटते. मी इथे घसा फोडतेय आणि हा म्हणतो शांत. त्याला माझं निम्मं ऐकूच येत नाही.

टिकलीला येतं. तिने आम्हाला नावंही दिलीत. पुढची आई आणि मागची आई. पुढची आई वेळेवर येते, दूध देते, वेणी घालते, फ्रॉकची दुमड उसवून बाबाला मदत करते. रागवत नाही. हसत नाही. मागच्या आईला चिडवता येतं. म्हणून टिकली दाराची कडी घालू देत नाही. घातलीच, तर सगळे झोपले की हळूच उठून काढते. मी आले की पांघरूण वर करून जागा करते आणि मी तिथे शिरते.

तिने विचारलं, तू लवकर का येत नाहीस. मी म्हटलं, येते ना राजा, धावतच येते. ती म्हणाली, मग कमी धाव. पोरीला काय कळलं होतं कोण जाणे.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी – माझ्या हिशेबाने

भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं पुढे गेलीत. काल रात्री मी टिकलीच्या हिरडीवरून बोट फिरवलं तेव्हा तिथे खाच होती. आज तिथे दात आहे. नवा, पूर्ण, जरासा वाकडा. फ्रॉकच्या काठाला दोन जुन्या दुमडींच्या रेषा. मी सकाळी कामावर गेले आणि संध्याकाळी परत आले. एकच दिवस. मला तेवढाच रस्ता लागतो.

पण तो रस्ता सोडत नाही मला आता. जिन्याच्या कठड्याला हात लावला की तिथेच उभी राहते. मशीनवरचे पिठाचे ठसे बघते. चिमण्या बघते. आधी वाटायचं, पळाले की गाठीन तिला. पळून बघितलं. जितकं पळावं तितकं काही ना काही हाताला लागतं आणि त्यात जीव अडकतो. ती मात्र कशातच अडकत नाही. सरळ घरी जाते.

घरीच बसून बघितलं, तर मी दारातून हललेच नाही आणि ती कामावर जाऊन आलीसुद्धा. उपाय नाही.

२५ किंवा २६

पाहिलं तिला.

दारातूनच. तिघं बसली होती. नवरा दोरा ओवत होता, डोळे बारीक करून, त्याला चष्मा लागलाय. तिने त्याच्या हातातून सुई घेतली आणि ओवून परत दिली. टिकली – केवढी लांब झाली – पुस्तक वाचत होती, मोठ्याने. तिने टिकलीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

वाईट नाही ती. तेच तर. वाईट असती तर भांडता आलं असतं, केस धरून बाहेर काढली असती. तिने माझ्या लेकरासाठी सगळं केलंय. मी धावायचे कशासाठी? टिकलीसाठीच ना, तिची आई वेळेवर पोचावी म्हणून. पोचली. मी पोचले वेळेवर.

टिकलीने मध्येच वाचन थांबवून दाराकडे बघितलं. मी हात हलवला. ती बराच वेळ बघत होती. मग पुन्हा वाचायला लागली.

तारीख नाही

कडी घातलेली आहे.

ठोठावलं. आतून टिकलीचा आवाज, ती कुणालातरी सांगत होती की वारा आहे, लहानपणी तिला वाटायचं की –

पुढचं ऐकू आलं नाही.

पायरीवर बसले. खाली भट्टी नाही आता. फरशी गार.

तारीख नाही

शिलाई मशीनचा आवाज येत नाही बरेच दिवस. आज जिन्याकडच्या खिडकीवर चढून आत पाहिलं. मशीनवर झाकण आहे. वर फुलदाणी. पिठाचे ठसे कुणीतरी पुसलेत.

त्याला एकदा नीट सांगायचं राहून गेलं. काय, ते आता आठवत नाही, पण राहून गेलं.

दिवस कुठला कोण जाणे

कारखान्यात आले. दुसरीकडे कुठे जाऊ? बाकावर बसते. मोठ्या बाई नाहीत. त्या अगदी शेवटी, जायच्या दिवशी, उठताना माझ्या बाजूला बघून म्हणाल्या होत्या, येते हं. म्हणजे दिसत होते मी त्यांना. की सवयीने म्हणाल्या.

रिकाम्या जागेवर मीच असते. पण मी तिथे पहिल्यांदा बसले तेव्हा ती रिकामी नव्हती. शेजारी कुणाचा तरी खांदा लागतो. त्याने सरकून जागा दिली. बोलत नाही. मीही विचारलं नाही की तुझं कोण होतं घरी.

ती रोज समोरून जाते. पिशवी, छत्री, डबा. चाल मंदावलीय, केस पिकलेत. मी म्हणते, बस. बस गं बाई, एकदा बस, चहा निवेपर्यंत. माझ्याशेजारी, बस. तू बसलीस की सगळं –

नाही बसत. मी ओळखते ना मला. मी नसतेच बसले.

नंतर

ती येईनाशी झाली. निवृत्त झाली असेल. घरी असेल. म्हणजे आता इथे बसूनही –

पण उठताही येत नाही. बाकाचं लाकूड सोडत नाही मला. किंवा मी त्याला.

आज

नवीन मुलगी आली कामावर. दिवसभर पट्ट्याबरोबर चालली. झपाझप, हात हलवत. चाल ओळखीची वाटली, पण कळलं नाही का ते.

घंटा झाली. सगळे ओळीने बसले. रेडिओ आता प्रमुख आहे, म्हातारा झालाय, बोलणं अगदी कमी. त्याने तिला सांगितलं, बसा थोडं, सगळं येऊ दे.

तिने पिशवी ठेवली. माझ्या मांडीवर. रेडिओने झडप घालून उचलली. ती हसली.

खालचा दात वाकडा.

टिकली.

ती सांगतेय की तिला नाही जमायचं बसायला. घरी आई एकटीच असते, बाबा गेल्यापासून. खिडकीत उभी राहते हिची वाट बघत. बोलत नाही फारशी. पूर्वी खूप हसायची, चिडवायची, हिला अंधुक आठवतं. तिचं एक वाक्य होतं तेव्हाचं, हिला अजून पाठ आहे. थांबला तो –

नको. ते नको, राजा. ते खोटं आहे. मी ओरडतेय. रेडिओ खाली बघतोय. त्यालाही ऐकू येत नाही.

पिशवी खांद्याला लावली तिने. निघाली.

बंद सुटलाय बुटाचा. परत वळली. पाय बाकावर ठेवला, माझ्याशेजारीच. वाकली. एक गाठ. तिच्यावर दुसरी –

तिसरीचं टोक मी धरलंय. डाव्या हातात घट्ट. उजव्याने लिहितेय. ती ओढतेय, सुटत नाही. थांबली. बघतेय खाली. बस ना टिकले. चहा निवेपर्यंत फक्त. तू म्हणाली होतीस ना मला, कमी धाव. बस

घड्याळ बघितलं तिने. ओढतेय. मी सोडणार नाही, या वेळी मी काहीही झालं तरी सोड